अग्नीचे अजीर्ण

शहर वाढले की त्याचा केर वाढतो, ही गोष्ट सांगावयास कोणी पंडित नको. परंतु त्या केराचे पुढे काय होते, असा प्रश्न विचारणारा गृहस्थ शंभरात एखादाच आढळतो. सकाळी डबा दाराबाहेर ठेवला, तो कोणीतरी नेला, म्हणजे आपले कर्तव्य संपले अशी बहुतेकांची समजूत असते. नगरपालिकांचीही फार वर्षे अशीच समजूत होती. गाडी गावाबाहेर नेऊन ओतली की त्यांचे कर्तव्य संपत असे. पुढे गावाबाहेरची जागा संपत आली, तेथील लोकांची सहनशक्तीही संपली, आणि मग ठिकठिकाणच्या महानगरपालिकांपुढे एक उपाय मोठ्या आकर्षक वेषात येऊन उभा राहिला. कचरा जाळावा आणि त्या उष्णतेवर वीज निर्माण करावी, असा तो उपाय. केरही नाहीसा होतो आणि घरात दिवाही लागतो. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असेच कोणाही भाबड्या माणसास वाटावे. आम्हांस मात्र हा उपाय मान्य नाही. का मान्य नाही, आणि त्याऐवजी काय करावे, हे वाचकांपुढे सविस्तर मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हा उपाय वाटतो तितका नवीन नाही. इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरी १८७४ साली केर जाळण्याची भट्टी उभी राहिली. तिला तेथील लोक ‘डिस्ट्रक्टर’, म्हणजे संहारक, असे म्हणत. त्या काळी इंग्रजांच्या घरोघर दगडी कोळशाच्या शेगड्या पेटत असल्यामुळे त्यांच्या केरात राख आणि अर्धवट जळलेला कोळसा यांचाच भरणा असे, आणि तो कोळसा भट्टीस आयताच इंधन म्हणून मिळे. म्हणजे ही भट्टी ज्या देशात जन्मास आली, त्या देशाच्या केराशी तिची गाठ जमलेली होती. आपल्याकडे ती आली ती वीजनिर्मितीचे नवे वस्त्र लेवून. महाराष्ट्रातील उदाहरण द्यावयाचे, तर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा मोशी येथील प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. सुमारे ३०० कोटी रुपये खर्च आणि वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा, असे त्याचे आकडे त्या वेळी सरकारने प्रसिद्ध केले. हे पाहून इतर शहरांच्या कारभाऱ्यांनाही असा प्रकल्प आपल्याकडे असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच या विषयाचा विचार आपल्या दारी भट्टी येण्यापूर्वी करावयास हवा.

आता आपल्याच घरचा डबा उघडून पाहावा. आपल्या शहरांच्या कचऱ्यातील साधारण निम्मा भाग स्वयंपाकघरातून आलेला असतो: भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेसुरले अन्न, निर्माल्य. या सर्वांत पाणी भरपूर; आणि पावसाळ्यात तर बाकीचा केरही भिजलेलाच असतो. येथे शालेय पदार्थविज्ञानातील एक सोपा हिशेब करून पाहू. तीस अंशांवरचे एक किलो पाणी उकळीस आणावयास ७० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि त्याची वाफ करावयास आणखी ५४०, एकूण ६१०. ज्या कचऱ्याचे निम्मे वजन पाण्याचे आहे, त्याच्या प्रत्येक किलोमागे ३०० हून अधिक किलोकॅलरी केवळ ते पाणी घालवण्यातच खर्ची पडतात. जळण्याजोगा अंश राहिला तो उरलेल्या अर्ध्या किलोत, आणि त्यातही रस्त्याची माती, विटांचा चुरा व काच मिसळलेली. बाहेरचे इंधन न घालता भट्टी जळती राहावयाची, तर किलोमागे दीड हजाराहून अधिक किलोकॅलरी उष्णता त्या कचऱ्यातूनच मिळाली पाहिजे. आपला मिश्र कचरा बहुधा हजाराच्या आसपास घोटाळतो. ओल्या लाकडांनी चूल फुंकणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र कोणी शिकवावे लागले नव्हते. सर्पण आधी उन्हात वाळत घालावे, नाही तर डोळ्यांतून पाणी येते आणि भात कच्चा राहतो, एवढे त्या जाणत होत्या.

हा केवळ कागदावरचा तर्क नव्हे. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या यंत्रसामग्रीने अशी एक भट्टी उभारण्यात आली. रोज ३०० टन कचरा जाळावा आणि ३.७५ मेगावॅट वीज काढावी, अशी योजना होती. सुमारे २० कोटी रुपये त्यावर खर्च झाले. किलोमागे १४६२ किलोकॅलरी उष्णता मिळेल असे गृहीत धरून यंत्राची रचना केलेली होती. प्रत्यक्षात दिल्लीचा जो कचरा तेथे येऊन पडला, तो ६०० ते ७०० किलोकॅलरींचा निघाला. सुमारे तीन आठवडे चालून ती भट्टी थंड पडली. डेन्मार्कच्या केराकरिता घडवलेल्या यंत्राला दिल्लीचा केर मानवला नाही, हाच त्या सर्व प्रकरणाचा मथितार्थ.

महाभारताच्या आदिपर्वातील एक कथा या ठिकाणी आठवते. श्वेतकी राजाच्या यज्ञात बारा वर्षे अखंड तूप प्राशन करून अग्नीला अजीर्ण झाले. त्याचे तेज मंदावले, आणि औषध म्हणून त्याला खांडववन खावयास घालावे लागले. अग्नीला अजीर्ण होऊ शकते, ही कल्पना आपल्या पूर्वजांच्या चाणाक्षपणाची साक्ष आहे. निव्वळ तुपाने ज्याचे पोट बिघडले, त्याच्यापुढे भिजलेली साल, फुटकी काच आणि प्लास्टिकची पिशवी एकाच पळीने वाढल्यावर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा. आणि त्या कथेचा उत्तरार्धही विसरू नये: अग्नीची भूक भागवावयाची म्हणून जे वन जाळले, त्यात राहणाऱ्या जीवांना कोणी विचारले नव्हते.

यावर भट्टीचे पुरस्कर्ते म्हणतात, तिमारपूरचा धडा आम्ही घेतला आहे. आता कचरा आधी वेगळा करू, वाळवू, आणि मगच जाळू. आमच्या मते या योजनेचा खरा पेच येथेच आहे. संस्कृत पंडित ज्याला ‘उभयतःपाशा रज्जुः’, म्हणजे दोन्ही टोकांना फास असलेली दोरी, असे म्हणतात, तिचे हे उत्तम उदाहरण होय. कचरा वेगळा केला नाही, तर तो ओला राहतो आणि नीट जळत नाही. बरे, वेगळा केला, तर ओल्याचे खत किंवा गॅस होतो. कागद, पुठ्ठा, पत्रा, काच आणि बरेचसे प्लास्टिक यांना बाजारात गिऱ्हाईक आहे. मग जाळावयास उरले काय? उत्तम जळतात ते कागद, पुठ्ठा आणि प्लास्टिक. आणि नेमके तेच विकले जातात. म्हणून ज्या शहराने भट्टी घेतली, त्या शहराला आपल्या नागरिकांनी कचरा फार काळजीपूर्वक वेगळा करू नये यातच सोय वाटू लागते. या पेचातून वाट काढणारे उत्तर आम्हांस अद्याप कोणाकडून मिळालेले नाही.

आता जळल्यानंतर काय होते ते पाहू. ‘अग्नी सर्व भस्म करतो’ असे आपण सहज म्हणतो. परंतु भस्म ही सुद्धा एक वस्तूच आहे, आणि धूर ही दुसरी. पदार्थ नाहीसा होत नाही, त्याचे रूप तेवढे पालटते, हे लाव्हाझिएने अठराव्या शतकात सिद्ध करून दाखवले. कचऱ्याच्या वजनाचा साधारण चौथा भाग राखेच्या रूपाने मागे राहतो, आणि त्या राखेत शिसे, कॅडमियम यांसारखे धातू एकवटलेले असतात. विशेषतः धुराड्यातील गाळण्यांत अडकणारी बारीक राख इतकी विषारी असते की तिच्याकरिता वेगळा बंदिस्त खड्डा लागतो. म्हणजे कचऱ्याची जागा वाचली असे म्हणावे, तर अधिक घातक वस्तूकरिता दुसरी जागा शोधणे आलेच. एक टन प्लास्टिक जाळले असता अडीच टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो वेगळाच.

याहून गंभीर गोष्ट डायऑक्सिन नामक विषांची. क्लोरीन असलेले पदार्थ, म्हणजे काही जातींचे प्लास्टिक आणि आपल्या अन्नातले साधे मीठदेखील, इतर केराबरोबर जळतात आणि धूर निवत जातो, त्या वेळी ही विषे तयार होतात. १९७७ साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांना शहरी कचऱ्याच्या भट्ट्यांच्या राखेत आणि धुरात ती आढळली. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांतील सर्वांत जहाल विषाची गणना मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने अशी विषे कमी करण्याचे बंधन राष्ट्रांनी स्वीकारले; भारताने त्या करारास २००६ साली मान्यता दिली. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी भट्टीच्या एका घनमीटर धुरात ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा अब्जांश, एवढीच मर्यादा घालून दिली. मर्यादा उत्तमच आहे. परंतु ती पाळली जावी याकरिता भट्टीचा ताप सदैव ८५० अंशांच्या वर आणि स्थिर राहिला पाहिजे. सोमवारी कोरडा आणि मंगळवारी पावसात भिजलेला कचरा ज्या भट्टीच्या मुखी पडतो, तिचा ताप स्थिर राखणे किती कठीण, हे स्वयंपाकघर पाहिलेल्या कोणासही कळेल. दिल्लीतच ओखला येथे दाट वस्तीलगत २०१२ साली दुसरी भट्टी सुरू झाली. तेथील रहिवासी वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवत राहिले. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने प्रदूषणाबद्दल २५ लाख रुपयांची भरपाई त्या भट्टीच्या चालकांवर बसवली. भट्टी मात्र चालू राहिली.

कोणी म्हणेल, प्रकृतीचे राहू द्या. निदान वीज तर मिळते? तेव्हा दराचाही विचार करू. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ साली कचऱ्यापासून होणाऱ्या विजेचा दर युनिटला ७ रुपये ४ पैसे असा ठरवला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१७ च्या मे महिन्यात, राजस्थानातील भाडला येथे सौर विजेची बोली २ रुपये ४४ पैशांवर आली. सूर्यनारायण जे अडीच रुपयांहून कमी दरात देतो, तेच सात रुपयांना घ्यावयाचे आणि वर धूर सोसावयाचा, हा व्यवहार कोणत्या जमाखर्चात बसतो?

शिवाय भट्टी ही एकदा घरात आणली की तिला रोज खावयास घालावे लागते. अशा प्रकल्पांचे करार वीस-पंचवीस वर्षांचे असतात, आणि रोज इतके टन कचरा पुरवण्याची हमी नगरपालिकेने द्यावयाची असते. उद्या नागरिक शहाणे झाले आणि केर कमी करू लागले, तर दंड भरावयाची पाळी त्याच नागरिकांवर यावयाची! अमेरिकेतील हॅरिसबर्ग या पेनसिल्व्हेनियाच्या राजधानीने २०११ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. शहराच्या कचराभट्टीपायी झालेले कर्ज ३० कोटी डॉलरांच्या वर गेले होते. न्यायालयाने अर्ज फेटाळला, कर्ज राहिले. डेट्रॉइटची प्रचंड भट्टी १९८९ पासून तीस वर्षे आसपासच्या गरीब वस्तीवर धूर सोडून २०१९ साली बंद झाली. आणि ज्या डेन्मार्कचे यंत्र तिमारपूरला आले होते, त्या डेन्मार्कची कथा तर फारच बोधप्रद आहे. त्या देशाने भट्ट्या इतक्या बांधल्या की त्यांचे पोट भरावयास परदेशांतून कचरा मागवावा लागला. शेवटी २०२० साली तेथील सरकारने भट्ट्यांची क्षमता २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले. ज्या वाटेने गुरू परत फिरला, त्याच वाटेने शिष्याने आता निघावे काय?

येथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो टाळणे आम्हांस शोभणार नाही. जाळू नये म्हणता, मग पुरावा काय? गावाबाहेर डोंगर रचावेत काय? मुळीच नाही. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. पुण्याचा कचरा ज्यांच्या शिवारात वर्षानुवर्षे ओतला गेला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी गाड्या वारंवार अडवल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये ढिगाला आग लागली, तेव्हा तर शहराचा केर कित्येक दिवस शहरातच पडून होता. त्या ग्रामस्थांची बाजू न्यायाची होती. शहराने आपली घाण दुसऱ्याच्या विहिरीपाशी टाकावी, हा कोणता धर्म? ढीग आणि भट्टी ही दोन्ही एकाच वृत्तीची अपत्ये होत: केर एकदा नजरेआड झाला म्हणजे झाले, ही ती वृत्ती. ढिगात तो गावकऱ्यांच्या पाण्यात उतरतो, भट्टीत तो शेजाऱ्यांच्या श्वासात शिरतो.

तिसरा मार्ग आहे, आणि तो आपल्याच भूमीत शास्त्रशुद्ध रीतीने आखला गेला आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे सर आल्बर्ट हॉवर्ड या कृषिशास्त्रज्ञाने पालापाचोळा, शेण, राख आणि माती यांचे थर रचून, तीन वेळा उलथापालथ करून, तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध पावली. १९३१ साली तिच्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. हे नाव आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? त्याच इंदूर शहराने २०१८-१९ च्या सुमारास देवगुराडिया येथील सुमारे १३ लाख टनांचा जुना ढीग चाळून, वेगळा करून मोकळा केला. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा गॅस करण्याचा कारखाना तेथे सुरू झाला. तो चालू शकतो याचे कारण एकच: इंदुरातील गृहिणी आणि गृहस्थ ओले व सुके घरातच वेगळे करतात.

लहान शहरांची उदाहरणे याहूनही उद्बोधक आहेत. केरळातील आलप्पुळा या सुमारे पावणेदोन लाख वस्तीच्या शहराचा कचरा ज्या गावात जात असे, त्या गावाने तो घेण्याचे नाकारले. तेव्हा २०१२ पासून त्या नगरपालिकेने घरोघर लहान गॅस-टाक्या आणि खताच्या नळ्या दिल्या, चौकाचौकांत खताच्या पेट्या बांधल्या. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने जगातील अनुकरणीय शहरांत त्याची गणना केली. आपल्या सिंधुदुर्गातील वेंगुर्ले हे सुमारे बारा हजार वस्तीचे गाव. तेथे २०१५ नंतर नगरपरिषदेने घरोघर कचरा वेगळा घेण्यास आरंभ केला, ओल्याचा गॅस केला, आणि जेथे उकिरडा होता तेथे लोक पाहावयास येऊ लागले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचे ‘निसर्गऋण’ नावाचे तंत्र केव्हाच सिद्ध केलेले आहे. अशा गॅस-टाक्या ठिकठिकाणी बंदही पडल्या आहेत, हे आम्ही लपवत नाही. परंतु त्यांचा रोग शोधू जाता बहुधा एकच निदान निघते: टाकीत मिसळलेला कचरा ओतला गेला. पोटात प्लास्टिक गेलेल्या गाईची जी गत, तीच त्या टाकीची.

पुण्यातील प्रयोग तर आपल्या अगदी दाराशी चाललेला आहे. १९९३ साली येथील कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना स्थापन केली. तीतूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेशी तिचा करार झाला. तीन हजारांहून अधिक सभासद, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, घरोघर जाऊन केर गोळा करतात. सुका माल निवडून विकतात. त्या विक्रीवर आणि घरोघरच्या अल्प मासिक शुल्कावर त्यांचा संसार चालतो. भट्टी जे जाळते, तेच या भगिनींचे अन्न आहे. एका यंत्राकरिता शेकडो कोटी रुपये उभे करावयाचे आणि ज्या हातांनी हेच काम बिनबोभाट केले त्यांना मोकळे करावयाचे, यात अर्थशास्त्र नाही आणि माणुसकीही नाही.

या ठिकाणी आपल्या वर्गाने थोडे अंतर्मुख व्हावे असे आम्हांस वाटते. केर निवडणाऱ्या बहुतेक स्त्रिया ज्या जातींतल्या आहेत, त्यांना आपल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याबाहेर ठेवले. आपल्या जुन्या घरांत वस्तूंचे वर्गीकरण उत्तम होते, हे खरे. खरकटे गाईला, निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी, चुलीची राख भांड्यांना, रद्दी रद्दीवाल्याला. निर्माल्य आणि उष्टे कोणी एका टोपलीत टाकले असते, तर घरात केवढा गहजब झाला असता! ते वर्गीकरण आपण टाकून दिले आणि माणसांचे वर्गीकरण तेवढे मनात जपून ठेवले. सोवळे पाळावयाचेच, तर ते वस्तूंचे पाळावे, माणसांचे नव्हे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पा पटवर्धनांनी सफाईचे काम आपणासही करू द्यावे याकरिता उपोषण आरंभिले, आणि गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यार्थ अन्न वर्ज्य केले. ते काम हलके नाही, ते दुसऱ्यावर ढकलणे हलकेपणाचे आहे, हा त्याचा बोध होता. आज आपल्याकडून उपोषणाची अपेक्षा कोणी करीत नाही. दोन डबे वेगळे ठेवावेत, एवढीच मागणी आहे.

आता व्यवहाराचे बोलू. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबात रोज दोन-अडीच किलो ओला केर निघतो. बुडाशी आणि अंगाला भोके पाडलेले दोन मोठे माठ गच्चीवर किंवा गॅलरीत विटांवर ठेवावेत. तळाशी वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा चार बोटे थर द्यावा. त्यावर दिवसाचा ओला केर, मोठी साल असल्यास चिरून, पसरावा. त्यावर पुन्हा मूठ-दोन मूठ वाळका पाला आणि आरंभी थोडे जुने खत किंवा आंबट ताकाचा शिपका. तीन-चार दिवसांनी काठीने खालवर करावे. वास येऊ लागला, तर ओल अधिक झाली असे समजून पाला वाढवावा. अगदी कोरडे वाटले, तर पाणी शिंपडावे. पिळलेल्या फडक्याइतकी ओल असावी, हे प्रमाण लक्षात ठेवले म्हणजे पुरे. एक माठ भरला की तो झाकून ठेवावा आणि दुसरा सुरू करावा. दोन-तीन महिन्यांत पहिल्या मातीला पावसानंतरच्या शेताचा वास येऊ लागतो. मग ते खत झाले. मूळ केराच्या मानाने ते पाचवा-सहावा हिस्साच भरते. आमच्या इमारतीत चौदा बिऱ्हाडे आहेत. मागील अंगणात विटांचे दोन हौद बांधून सर्वांनी मिळून हेच चालवले आहे. झाडांचा पाला, जो पूर्वी जाळला जाई, तोच आता हौदाला कमी पडतो.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. घरातील कोणतीही सुधारणा शेवटी सुनांच्या आणि लेकींच्या माथी मारावयाची, ही आपल्या कुटुंबांची जुनी खोड आहे. माठ खालवर करणे, पाला गोळा करणे, सुका माल धुऊन बांधणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी करावीत. सेवानिवृत्त झालेल्या आमच्यासारख्यांना तर सकाळी फिरावयास जाण्यापूर्वीचा हा दहा मिनिटांचा उद्योग प्रकृतीसही मानवतो.

ओला केर घरी जिरला, सुका वेगळा बांधून दिला, तरी काही उरतेच: लहान मुलांची लंगोटवजा पाकिटे, मासिक पाळीचे कपडे, खाऊच्या चकाकत्या पुड्या. ते वेगळे, कागदात गुंडाळून द्यावे. पुण्याच्या कचरावेचकांनी त्याकरिता ‘लाल ठिपका’ मोहीम चालवली, ती याचसाठी की आपल्या उघड्या घाणीत त्यांचा हात पडू नये. या शेषाकरिता लहानसा बंदिस्त खड्डा लागेल, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्या मूठभर शेषाकरिता शेकडो टनांची भट्टी बांधावी काय? त्या चकाकत्या पुड्या करणाऱ्या कारखानदारांकडेच त्या परत जाव्यात, हे अधिक न्यायाचे; २०२२ च्या प्लास्टिकविषयक नियमांनी ती जबाबदारी त्यांच्यावर टाकलेलीच आहे. इस्पितळांतील कचऱ्याची गोष्ट निराळी. त्याची व्यवस्था वेगळ्या नियमांनी होते, आणि ती घरच्या केराबरोबर मोजू नये.

तेव्हा वाचकहो, आपल्या प्रभागात भट्टीची योजना मांडली गेली, तर सभेस जावे आणि तीन प्रश्न विचारावेत. आमच्या शहराच्या मिश्र कचऱ्याची उष्णता प्रत्यक्ष मोजली आहे काय, आणि पावसाळ्यात ती किती भरते? करारात रोज किती टन पुरवण्याची हमी दिली आहे, आणि ती किती वर्षांची? राख कोठे जाणार, आणि धुरातील विष कोण, किती वेळा मोजून लोकांपुढे ठेवणार? विचारणाऱ्याच्या घरी ओले-सुके वेगळे होत असेल, तर त्याच्या प्रश्नाला सभेत वजन येते. म्हणून सभेची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता माठ आजच आणावे, हे बरे.